मिहोचे पाइनबन : फुजीसमोरचा किनारा

निळा उपसागर, किनाऱ्यावर वाऱ्याने वाकलेली पाइनची झाडे आणि पलीकडे बर्फाची टोपी घातलेला फुजी, हे जपानचे चित्र दिनदर्शिकांमुळे सर्वपरिचित आहे. अशा चित्रांपैकी अनेक ज्या एका किनाऱ्याची आहेत, तो किनारा म्हणजे शिझुओका शहराच्या शिमिझू भागातील मिहो नो मात्सुबारा, अर्थात मिहोचे पाइनबन. टोकियोहून सकाळी निघून रात्री परतता येईल, इतक्या अंतरावर तो आहे.

समुद्रात शिरलेल्या वाळूच्या एका दांड्यावर सुमारे ३० हजार पाइन उभे आहेत. कोकणात सुरूच्या बनाने वारा आणि उडती वाळू अडवावी, तेच काम येथे पाइन करतात. १९२२ मध्ये या परिसराला राष्ट्रीय निसर्गरम्य स्थळाचा दर्जा मिळाला. त्याआधीपासून कवी आणि चित्रकारांची येथे ये-जा होतीच. हिरोशिगेच्या फुजीविषयक छापचित्रांत मिहोला स्थान आहे. पांढऱ्या रेतीची अपेक्षा ठेवून आलेला पर्यटक मात्र थोडा बिचकतो. येथील वाळू काळसर असून तिच्यात गोटे-खडीच अधिक. सुरुगा हा जपानमधील सर्वांत खोल उपसागर आहे. त्याची कमाल खोली सुमारे २,५०० मीटर आहे. येथे पोहण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी यायचे.

बनातील एका वृक्षाला ‘हागोरोमो नो मात्सु’, म्हणजे पिसांच्या वस्त्राचा पाइन म्हणतात. हाकुर्यो नावाच्या कोळ्याला या झाडावर एक अलौकिक वस्त्र टांगलेले सापडते. ते असते एका स्वर्गकन्येचे. वस्त्राविना तिला परत जाता येत नाही. तिने नृत्य करून दाखवावे, या अटीवर तो ते परत करायला तयार होतो. पण वस्त्र आधी द्यावे की नृत्य आधी पाहावे, असा संशय त्याच्या मनात येतो. संशय ही माणसांची गोष्ट आहे, असे ती सांगते आणि कोळी ओशाळतो. ‘हागोरोमो’ या प्रसिद्ध नो नाट्याचा हाच विषय आहे. जपानी कलेतील या स्वर्गकन्या बौद्ध धर्माबरोबर तेथे पोहोचलेल्या भारतीय अप्सरांच्याच वंशातील आहेत. त्यामुळे उर्वशी-पुरूरव्याची कथा ठाऊक असलेल्या वाचकाला हे कथानक परके वाटणार नाही. हेलेन जुग्लारिस ही फ्रेंच नर्तिका या कथेने इतकी भारली गेली, की तिने पॅरिसमध्ये त्यावर नृत्य बसवले. मिहो पाहण्याची तिची इच्छा मात्र अपुरी राहिली. १९५१ मध्ये वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तिचे निधन झाले. पतीने तिचे केस येथे आणले आणि १९५२ मध्ये तिचे स्मारक उभे राहिले. ते पाइनजवळच आहे.

कथेतला पाइन मात्र आज उभा आहे तो नव्हे. पहिला समुद्रात गेला, असे सांगतात. साडेसहाशे वर्षांचा मानला जाणारा दुसरा खंगत गेल्याने २०१० मध्ये त्याचा मान शेजारच्या तिसऱ्या झाडाला देण्यात आला. वस्त्राचा तुकडा म्हणून जपलेली वस्तू मिहो देवस्थानात आहे. तेथून किनाऱ्याकडे येणारी, दुतर्फा जुने पाइन असलेली सुमारे ५०० मीटरची ‘देवांची वाट’ सावकाश चालण्याजोगी आहे. झाडांची मुळे तुडवली जाऊ नयेत म्हणून तेथे लाकडी पादचारी मार्ग केला आहे.

खरी चिंता आहे ती पायाखालच्या वाळूची. ही वाळू मिहोची नव्हेच. डोंगरातून येणारी आबे नदी दगड-वाळू समुद्रात आणून टाकते, लाटा ती किनाऱ्याने ईशान्येकडे ढकलत नेतात आणि शतकानुशतके चाललेल्या या वाहतुकीतून मिहोचा दांडा तयार झाला. युद्धोत्तर बांधकामांच्या धडाक्यात, १९५० आणि ६०च्या दशकांत नदीपात्रातून प्रचंड प्रमाणात खडी उपसली गेली. त्याचा परिणाम आधी नदीच्या मुखाजवळ दिसला. मग धूप वर्षागणिक पुढे सरकत मिहोच्या दिशेने आली. उपसा थांबल्यावर मुखाजवळ वाळू पुन्हा साठू लागली, परंतु तिला मिहोपर्यंत पोहोचायला दशके लागतात. दरम्यान किनारा वाचवण्यासाठी काँक्रीटचे ठोकळे समुद्रात टाकावे लागले. मरिन ड्राइव्हवर बसणाऱ्या मुंबईकरांना त्यांची जात ठाऊक आहे. नदीची खडी काँक्रीटसाठी नेली आणि तिच्या जागी काँक्रीटच आणून ठेवावे लागले, असा हा उफराटा हिशेब.

हे ठोकळे २०१३ मध्ये अडचणीचे ठरले. फुजीला जागतिक वारसा यादीत घेण्याचा प्रस्ताव युनेस्कोपुढे होता, तोही निसर्गस्थळ म्हणून नव्हे, तर श्रद्धास्थान व कलेची प्रेरणा म्हणून. मिहो डोंगरापासून ४५ किलोमीटर दूर आहे, तेव्हा त्याला वगळावे, असे सल्लागार संस्थेचे मत होते. नॉम पेन्ह येथील बैठकीत समितीने ते मानले नाही आणि मिहो फुजीच्या २५ घटकस्थळांत सामील झाले. ज्या किनाऱ्यावरून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या डोंगर पाहिला आणि रंगवला, तो किनारा डोंगराचाच भाग मानला गेला, हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. दृश्य बिघडवणारे ठोकळे हटवून त्यांच्या जागी पाण्याबाहेर फारसे न दिसणारे, इंग्रजी ‘एल’ आकाराचे बांध घालण्याची योजना त्यानंतर पुढे आली. जोडीला बाहेरून वाळू आणून टाकली जाते. झाडांवरही संकट आहेच. उत्तर अमेरिकेतून आलेला एक सूक्ष्म सूत्रकृमी भुंग्यांमार्फत पाइनमध्ये शिरतो आणि उभे झाड वाळून जाते. हे सारे समजून घ्यायचे असेल, तर बनालगतच्या, २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘मिहोशिरुबे’ केंद्रात अर्धा तास द्यावा. तेथे प्रवेशशुल्क नाही.

दुपार निहोनदाइरा या सुमारे ३०० मीटर उंचीच्या टेकडीसाठी राखावी. चहाचे मळे, खाली शिमिझू बंदर आणि समोर फुजी, असा तेथील देखावा आहे. तेथून रोपवेने पाच मिनिटांत कुनोझान तोशोगू गाठता येते. समुद्राच्या बाजूने चढायचे तर १,१५९ पायऱ्या आहेत. जपानमध्ये अडीच शतकांहून अधिक काळ टिकलेल्या राजवटीचा संस्थापक तोकुगावा इएयासू १६१६ मध्ये वारला आणि त्याच्या इच्छेनुसार त्याला येथे पुरण्यात आले. पुढच्याच वर्षी उभारलेल्या लाखकाम व रंगीत कोरीवकामाच्या मंदिराला २०१० मध्ये राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. संग्रहालयात स्पेनच्या राजाने इएयासूला पाठवलेले, १५८१ मध्ये माद्रिदला घडवलेले घड्याळ आहे. १६०९ मध्ये बुडालेल्या जहाजावरील लोकांना जपानी किनाऱ्यावर वाचवल्याबद्दलची ती भेट होती. डोंगराच्या पायथ्याशी दगडी बांधांच्या उबेवर वाढवलेल्या स्ट्रॉबेरीच्या बागा आहेत. जानेवारी ते मे या काळात पैसे भरून तेथे स्वतः फळे तोडून खाता येतात. शिमिझू बंदर ट्यूना माशासाठी नावाजलेले आहे. शाकाहारी मंडळींनी मात्र डबा बरोबर ठेवलेला बरा.

टोकियोहून हिकारी शिंकानसेनने शिझुओका तासाभरात येते. नोझोमी तेथे थांबत नाही, हे तिकीट काढताना ध्यानात ठेवावे. शिझुओकाहून लोकलने शिमिझू दहा-बारा मिनिटांवर आहे. पुढे मिहोची बस आणि थोडी पायपीट. मिहो आणि निहोनदाइरा दोन्ही एका दिवसात करायचे असतील, तर परतीच्या बसच्या वेळा सकाळीच पाहून ठेवाव्यात. भारतीय सहली बहुधा मे महिन्यात किंवा चेरीच्या बहरात निघतात. त्या दिवसांत फुजी अनेकदा ढगांत किंवा धुक्यात दडलेला असतो. त्याचे दर्शन हाच हेतू असेल, तर डिसेंबर ते फेब्रुवारीतील थंड, कोरडी सकाळ निवडावी आणि आकाश निवळ असतानाच, नऊ-दहाच्या आत किनारा गाठावा.