मानसिक सुरक्षितता, भाषावर्गातील

वर्गात बोलताना चूक झाली तरी हसे होणार नाही, कमीपणा येणार नाही, असा सर्व विद्यार्थ्यांना मिळून वाटणारा भरवसा. एकट्याच्या आत्मविश्वासाहून तो निराळा असून संपूर्ण गटाचा गुण मानला जातो.

संकल्पना : कार्ल रॉजर्स यांनी १९५४ मध्ये सर्जनशीलतेच्या संदर्भात ती मांडली. एमी एडमंडसन यांच्या १९९९ च्या संशोधनामुळे कामाच्या ठिकाणच्या गटांच्या अभ्यासात ती रुजली. भाषाशिक्षणात स्टीफन क्रॅशन यांनी ताणामुळे कानावर पडणारी भाषा आत मुरत नाही असे प्रतिपादन केले, तर इलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये परभाषेच्या वर्गातील धास्ती मोजण्यासाठी ३३ विधानांची मापनश्रेणी तयार केली. विद्यार्थ्याचा सहभाग वर्तन, भावना व विचार अशा तिन्ही अंगांनी पाहिला जातो. त्यामुळे नुसती हजेरी सहभागाचा पुरावा ठरत नाही.

पुण्यातील कोथरूड परिसराचे उदाहरण : कोथरूडलगतच्या हिंगणे येथे (आजचे कर्वेनगर) धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय, अशी त्याची रचना होती. त्यामुळे इंग्रजीतली चूक इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेपुरती राहिली. इतर विषयांतील समज तिच्यावर अवलंबून उरली नाही. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी देऊ केल्यावर विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव मिळाले. १९३६ मध्ये मुख्यालय मुंबईला गेले; कर्वे रस्त्यावरील शैक्षणिक संकुल पुण्यातच राहिले.

मर्यादा आणि उपाय : माध्यम बदलल्याने खुद्द इंग्रजीच्या तासाची भीती जात नाही. शिवाय मातृभाषेच्या वर्गातही धास्ती असते. बाहेरगावाहून पुण्यात आलेल्या विद्यार्थ्याने ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटले की खसखस पिकते, आणि तो पुढे तोंड उघडेनासा होतो. आधी जोडीदाराशी व मग वर्गापुढे बोलू देणे, वाक्य मध्येच न तोडता शेवटी दुरुस्ती सुचवणे, पहिल्या कच्च्या मसुद्याला गुण न देणे हे रूढ उपाय होत. मात्र सुरक्षितता म्हणजे सैलपणा नव्हे, हे एडमंडसनही बजावतात. चूक दाखवलीच नाही, तर विद्यार्थी निर्धास्तपणे तीच चूक पक्की करतो.