समाप्ती, खंड आणि ‘ट्टॉक’ : मराठी विज्ञान-साहसमालिका आणि तिचा वाचक

आवडती मालिका संपत आली की तिच्या वाचकाच्या मनात दोन परस्परविरुद्ध इच्छा एकाच वेळी वावरू लागतात. उलगडा व्हावा ही एक आणि तो लांबावा ही दुसरी. पहिली इच्छा कथानकाने निर्माण केलेली असते, दुसरी सहवासाने. स्वतंत्र कादंबरीच्या वाचकालाही या द्वंद्वाचा स्पर्श होतो. परंतु मालिकेच्या वाचकाने त्या विश्वात आपल्या आयुष्याची काही वर्षे घालविलेली असतात. त्यामुळे शेवट हा त्याच्या दृष्टीने केवळ संहितेचा घटक राहत नाही, तो त्याच्या वाचनायुष्यातील एका कालखंडाचाही शेवट ठरतो. विज्ञानकथेच्या मालिकेत ही अवस्था अधिक तीव्र होते. तिथे पात्रांबरोबर एक पर्यायी जगही मिटत असते आणि त्या जगाचे नियम वाचकाने सावकाशीने आत्मसात केलेले असतात.

मराठी समीक्षेने या अवस्थेची फारशी दखल घेतलेली नाही. विज्ञानसाहित्याची आपल्याकडील चर्चा बव्हंशी त्यात विज्ञान किती आणि ललित किती या प्रश्नाभोवती फिरत राहिली. रहस्य आणि साहस यांच्या मालिका तर ‘रंजनपर’ या एका शब्दात निकालात निघाल्या. परिणामी या वाङ्मयाचा वाचक कसा वाचत होता, कशाची वाट पाहत होता आणि संपल्यावर त्याचे काय होत होते, हे प्रश्न विचारलेच गेले नाहीत. त्यांपैकी एकच प्रश्न येथे घ्यावयाचा आहे : मराठीतील विज्ञान-साहसाची मालिका संपते कशी?

या प्रश्नाचा विचार गिरगावातील फणसवाडीसारख्या ठिकाणाहून करणे उपयुक्त ठरते. ठाकूरद्वाराजवळची, व्यंकटेशाच्या मंदिरामुळे ओळखली जाणारी ही वाडी मुंबईतील मराठी ग्रंथव्यवहाराच्या पट्ट्यात आहे. खटाववाडीतील मौज, गिरगावातील मॅजेस्टिक, बॉम्बे बुक डेपो, केशव भिकाजी ढवळे, केळेवाडीतील साहित्य संघ ही सारी नावे पायी जाण्याच्या अंतरावरची. परंतु या परिसरातील चाळींत राहणारा सामान्य वाचक पुस्तक बहुधा विकत घेत नसे. मासिक वर्गणी भरून तो ते सर्क्युलेटिंग लायब्ररीतून आणी. या व्यवस्थेचा वाचनप्रक्रियेवर झालेला परिणाम महत्त्वाचा आहे. मालिकेतील जो भाग परत आलेला असेल तो मिळे. तिसरा भाग पहिल्याआधी वाचला जाई, आणि शेवटचा भाग मधल्यांच्या आधी. लेखकाने योजलेला क्रम आणि वाचकाला लाभलेला क्रम यांत असे अंतर पडले की शेवटाचा अधिकारच शिथिल होतो. शेवट ही अनेक भागांपैकी एका भागाची शेवटची पाने एवढीच गोष्ट उरते.

मराठी वाचकाला विज्ञानकथेची ओळख भाषांतरातून आणि क्रमशः प्रकाशनातून झाली, हा योगायोग नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळकोकीळ’ मासिकाने ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कथा मराठीत आणली. मूळ फ्रेंच कादंबरी १८६५ सालची. तिच्या अखेरीस तीन प्रवाशांना घेऊन निघालेला तोफगोळा चंद्रावर उतरत नाही. तो चंद्राभोवती फिरू लागला आहे एवढेच वेधशाळेकडून कळते, आणि प्रवाशांचे भवितव्य अधांतरी राहते. त्यांना पृथ्वीवर परत आणणारा पुढचा भाग १८६९ च्या अखेरीस वृत्तपत्रातून येऊ लागला. मधल्या चार वर्षांत फ्रेंच वाचकापुढे जे होते, त्याला शेवट म्हणावे की खंड? वुल्फगांग ईझरने हप्त्याहप्त्याने वाचल्या जाणाऱ्या कादंबरीसंबंधी जे निरीक्षण नोंदविले आहे ते येथे लागू पडते. दोन हप्त्यांमधील रिकामी जागा वाचकाला स्वस्थ बसू देत नाही, ती त्याला सहलेखक बनविते. मात्र सहलेखक झालेला वाचक पुढील भागाचा निमूट स्वीकार करू शकत नाही. त्याने मनात रचलेला शेवट आणि लेखकाने दिलेला शेवट यांची तुलना अटळ होते.

व्हर्नच्याच कॅप्टन नेमोचे उदाहरण मराठी वाचकाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. १८६९-७० मधील सागरतळाच्या प्रवासकथेत नेमोचे राष्ट्र, भाषा, भूतकाळ यांपैकी काहीच उघड होत नाही. त्याच्या नावाचा लॅटिन अर्थच ‘कोणीही नाही’ असा आहे. अखेरीस त्याची पाणबुडी भोवऱ्यात सापडते आणि तो वाचला की नाही हे अनिश्चित ठेवले जाते. नेमोला रशियन सत्तेने उद्ध्वस्त केलेला पोलिश सरदार दाखविण्याचा व्हर्नचा मूळ विचार होता. प्रकाशक एत्झेल याने त्याला हरकत घेतली. पुढे १८७४-७५ मधील गूढ बेटाच्या कादंबरीत रहस्य उलगडले : नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, टिपू सुलतानाच्या घराण्याशी नाते असलेला, १८५७ च्या उठावात लढलेला. हा उलगडा करून व्हर्नने त्याला मृत्यू दिला. दोन्ही कादंबऱ्यांतील सन परस्परांशी जुळत नाहीत. शेवट साधण्यासाठी लेखकाने कालगणनेचा बळी दिला आहे.

या शेवटाने काय दिले आणि काय घेतले? वसाहतीतील वाचकाला त्याने फार मोठी गोष्ट दिली. यंत्रविज्ञानाचा तो अद्वितीय स्वामी आपला निघाला. परंतु त्याच क्षणी ‘कोणीही नाही’ असल्यामुळे कोणाचाही होऊ शकणारा नेमो नाहीसा झाला, आणि ज्याला ओळख मिळाली तो ओळख मिळताच मरण पावला. शेवट जे देतो तेच काढूनही घेतो. मालिकेच्या अंती वाचकाला होणारा संमिश्र भाव हा त्याच्या भावविवशतेचा परिणाम नसून शेवटाच्या रचनेतच तो अंतर्भूत असतो, असे यावरून म्हणता येईल.

पाश्चात्त्य परंपरेत या भावाने अनेकदा लेखकाशी संघर्षाचे रूप घेतले. डिसेंबर १८९३ मध्ये कॉनन डॉइलने ‘स्ट्रँड’ मासिकात शेरलॉक होम्सचा शेवट केला आणि १९०३ मध्ये त्याला परत आणावे लागले. आयझॅक आसिमॉव्हच्या ‘फाउंडेशन’ची कथा आणखी मार्मिक आहे. १९४२ ते १९५० या काळात मासिकातून आलेल्या या कथांनी हजार वर्षांच्या एका नियोजित इतिहासाचे आश्वासन दिले होते. पुस्तकरूपाने तीन खंड १९५३ पर्यंत निघाले आणि मालिका थांबली. १९८२ साली आसिमॉव्ह तिच्याकडे परतला; परंतु अंतर्गत कालक्रमानुसार शेवटची ठरणारी १९८६ ची कादंबरी त्या हजार वर्षांच्या मध्यापर्यंतच पोचते. त्यानंतर लेखक पुढे गेला नाही, मागे वळला. अखेरच्या दोन कादंबऱ्या आरंभापूर्वीच्या काळाविषयी आहेत आणि त्यांतील दुसरी त्याच्या मृत्यूनंतर १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. वाचकाचे शेवटाविषयीचे भय लेखकालाही लागू शकते, याचे हे उदाहरण होय.

मराठीत असा संघर्ष ठळकपणे उभा राहिलेला दिसत नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंझार, काळा पहाड, धनंजय हे नायक दर वेळी नव्याने सज्ज होतात. मागील साहसाचा भार पुढील साहसावर पडत नाही. नारायण धारपांचा समर्थही याच रीतीने कथेकथेतून परत येतो. अशा मालिकेला शेवटाची गरजच नसते, कारण तिला आरंभापासून शेवटाकडे नेणारी एकच रेषा नसते. ती थांबते ती लेखक थांबल्यावर : अर्नाळकर १९९६ मध्ये गेले, धारप २००८ मध्ये. येथे ‘समाप्ती’ आणि ‘खंड’ या दोन संज्ञांत भेद करणे आवश्यक आहे. समाप्ती ही संहितेच्या आतून येते आणि मागील सर्व भागांना नवा अर्थ देते. खंड बाहेरून पडतो : लेखकाच्या मृत्यूने, मासिक बंद पडल्याने, प्रकाशकाच्या अडचणीने. खंडाने मागील भागांचा अर्थ बदलत नाही. केवळ पुढील भाग येत नाही.

भा. रा. भागवत यांच्या लेखनात या दोन्ही प्रवृत्ती एकत्र आल्या आहेत, म्हणून त्यांचे उदाहरण निर्णायक मानावे लागते. व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या मराठी मुलांपर्यंत पोचविणारे भागवत हे समाप्तीच्या परंपरेशी उत्तम परिचित होते. परंतु व्हर्नच्या साहसाचा वारसा सांगणारा जो नायक त्यांनी स्वतः निर्माण केला, तो फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे, कधीच शेवटाकडे गेला नाही. सुमारे वीस पुस्तकांत त्याची शाळा संपत नाही. या कथा रूढ अर्थाने विज्ञानकथा नव्हेत. पण निरीक्षण, अनुमान आणि यंत्राविषयीचे कुतूहल हा त्यांचा पाया व्हर्नशीच नाते सांगतो.

फ्रँक कर्मोडने १९६७ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानग्रंथात कथानकाचे सर्वांत साधे प्रतिमान म्हणून घड्याळाच्या ‘टिक-टॉक’चा निर्देश केला आहे. दोन्ही आवाज वस्तुतः सारखेच. परंतु माणूस दुसऱ्याला वेगळे नाव देतो आणि त्याला शेवट मानतो. त्यामुळे मधल्या काळाला आकार येतो. फास्टर फेणेची ओळख असलेला जिभेचा आवाज ‘ट्टॉक’ हाच आहे, आणि त्याचे कार्य नेमके उलट आहे. काही विलक्षण दिसले, काही सुचले की ‘ट्टॉक’ होते. कर्मोडच्या घड्याळात जो आवाज शेवटाचा, तो येथे आरंभाचा. या मालिकेत केवळ ‘ट्टॉक’मागून ‘ट्टॉक’ येतात; मधल्या काळाला आकार देणारा अंतिम ठोका पडतच नाही. तिच्या वाचकाचे सुख त्यातच होते, आणि मर्यादाही त्यातच होती. नायक वाढत नाही, वाचक वाढतो. मालिकेचा शेवट येत नाही, वाचकाचे बालपण संपते, आणि पुस्तक धाकट्या भावंडाच्या हाती जाते. द्विधा भाव नाहीसा झालेला नसतो; तो संहितेबाहेर, वाचकाच्या वयात सरकलेला असतो.

२००१ मध्ये भागवतांचे निधन झाल्यानंतर तो दबलेला भाव पुन्हा प्रकट झाला. २०१७ च्या ‘फास्टर फेणे’ चित्रपटात बनेश तरुण झालेला आहे, आणि स्वतः भा. रा. भागवत हे त्यात एक पात्र म्हणून येतात. ती भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली. लेखकाला आपल्या नायकाच्या जगात प्रवेश मिळाला तो असा. नायक परत आला याचा आनंद आणि तो मोठा झाला याची रुखरुख या दोहोंना जुन्या वाचकाला एकाच वेळी सामोरे जावे लागले. जी समाप्ती मालिकेने नाकारली होती, तिची अंशतः पूर्तता दुसऱ्या माध्यमाने केली.

जयंत नारळीकरांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक वळण मिळते. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली त्यांच्या ‘कृष्णविवर’ या कथेला पारितोषिक मिळाले, तेव्हा तिच्यावर नारायण विनायक जगताप असे टोपणनाव होते. पुढे नारळीकरांनी स्वतंत्र कथा-कादंबऱ्या लिहिल्या. समान नायक वा समान विश्व असलेली मालिका हे त्यांच्या लेखनाचे मुख्य रूप नव्हे. तरीही वाचकांच्या एका पिढीच्या दृष्टीने ‘नारळीकरांची पुढची कथा’ हीच मालिका होती. लेखकाचे नावच तिचे सूत्र होते. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले तेव्हा ती थांबली. तो शोक एका शास्त्रज्ञासाठी होता तसाच न लिहिल्या जाणाऱ्या पुढील कथेसाठीही होता.

मराठी वाचकाला समाप्तीचा संस्कारच नाही, असा निष्कर्ष यावरून काढणे मात्र चुकीचे ठरेल. पोथीचे पारायण संपते ते पुन्हा आरंभ करता यावा म्हणून. सप्ताहाची सांगता काल्याने होते, आणि काला हा प्रसाद असतो. ज्या १८९३ साली होम्स दरीत कोसळला, त्याच वर्षी गिरगावातील केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. त्याचा शेवटचा दिवस हा मिरवणुकीचा, म्हणजे सर्वांत मोठ्या गर्दीचा आणि जल्लोषाचा दिवस असतो. निरोप आणि पुढील वर्षीचे निमंत्रण एकाच घोषात दिले जाते. संमिश्र भावाला हक्काची जागा देणारी रूढी या समाजापाशी होती. तिचे वाङ्मयीन रूप विज्ञान-साहसमालिकेने घडविले नाही, एवढेच म्हणता येते. या रूढीतील शेवट चक्राकार आहे. त्यात पुनरागमनाची हमी असते. नेमोच्या मृत्यूत ती नाही. ज्या काळाची कल्पना विज्ञानकथा करते तो सरळ पुढे जाणारा, परत न फिरणारा काळ आहे, आणि अशा काळातील शेवट पत्करण्यासाठी वेगळ्या धैर्याची आवश्यकता असते.

याची किंमत रूपाच्या पातळीवर मोजावी लागली. जिला संपावयाचे असते त्याच मालिकेत प्रत्येक भागाचे उत्तरदायित्व पुढील भागावर पडते, पात्रांची वये वाढतात, चुकांचे परिणाम उरतात. खंडावर विसंबलेली मालिका वाचकाला वियोगाच्या दुःखापासून वाचविते, पण दीर्घ पल्ल्याचे सलग विश्व उभारण्याच्या जबाबदारीतून लेखकालाही मोकळे करते. मराठी विज्ञानसाहित्यात कथा विपुल आणि बहुखंडी कादंबरी विरळ, याचे एक कारण येथे शोधता येईल.

दुसरी हानी समीक्षेची आहे. वाचकांची पत्रे, वाचनालयांच्या देवघेवीच्या नोंदवह्या, पुस्तकांच्या समासांत मुलांनी केलेल्या खुणा ही या वाङ्मयाच्या ग्रहणाची खरी साधने. गिरगावातील चाळी एकामागून एक पाडल्या जात आहेत आणि माळ्यावरचे कागद रद्दीत जात आहेत. हा वाचक शेवटाला कसा सामोरा गेला हे त्याच कागदांवरून सांगता आले असते. उपलब्ध संहितांवरून त्याच्या मनःस्थितीचे अनुमान करता येते. तिचा इतिहास लिहावयाचा तर त्या साधनांचे संकलन आधी व्हावयास हवे.