'मॉनिकर' : एका भटक्या शब्दाचा सामाजिक इतिहास

इंग्रजी भाषेत टोपणनावासाठी अनेक शब्द प्रचलित आहेत. त्यांपैकी 'मॉनिकर' हा शब्द आज इंग्रजी वृत्तपत्रांत इतक्या सहजतेने वापरला जातो की, त्याचा जन्म सभ्य समाजात झालेला नाही याचे स्मरण वाचकास क्वचितच होते. प्रस्तुत निबंधात या शब्दाचा उगम व त्याच्या अर्थात होत गेलेले बदल यांचा विचार केला आहे.

हा शब्द लिखित स्वरूपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आढळू लागतो. हेन्री मेह्यू यांच्या १८५१ च्या 'लंडन लेबर अँड द लंडन पुअर' या ग्रंथात रस्त्यावरील फेरीवाले व भटके यांच्या बोलीतील शब्द म्हणून त्याची नोंद सापडते. जॉन कॅम्डन हॉटेन यांच्या १८५९ च्या ग्राम्य शब्दांच्या कोशात त्याचे 'नाव' आणि 'सही' असे दोन्ही अर्थ दिसतात. यातील 'सही' हा अर्थ दुर्लक्षिण्याजोगा नाही. मेह्यू यांनी वर्णन केलेल्या लोकांत खोटी विनंतीपत्रे लिहून देणारे व्यावसायिक लेखनिक होते, आणि अशा पत्राची किंमत त्याखालील प्रतिष्ठितांच्या बनावट सह्यांवर ठरत असे. नाव ही त्या वर्गात केवळ हाक मारण्याची सोय नव्हती. ती वापरण्याची, बदलण्याची, प्रसंगी विकण्याची वस्तू होती. शब्दाचे वर्णलेखन मात्र दीर्घकाळ स्थिर झाले नाही. बोलीत वाढलेल्या शब्दाबाबत हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी विद्वानांत एकमत नाही. 'मोनोग्राम'पासून तो आला असावा, किंवा दीक्षा घेताना नवे नाव धारण करणाऱ्या ख्रिस्ती मठवासीयांशी, म्हणजे 'मंक' या शब्दाशी, त्याचा संबंध असावा, असे तर्क मांडले गेले आहेत. त्यांना ध्वनिसाम्यापलीकडे फारसा आधार नाही. अधिक ग्राह्य वाटणारे मत शेल्टा या भाषेकडे निर्देश करते. शेल्टा ही आयर्लंडमधील ट्रॅव्हलर या भटक्या समाजाची गुप्त बोली होय. चार्ल्स गॉडफ्री लेलंड यांना १८७६ मध्ये इंग्लंडमधील बाथनजीक एका भटक्याकडून तिचा सुगावा लागला व १८८२ च्या 'द जिप्सीज' या ग्रंथात त्यांनी तिचे वर्णन केले. पुढे जॉन सॅम्पसन व कुनो मायर यांनी तिची आयरिश मुळे उलगडून दाखविली. या बोलीत आयरिश शब्द उलटे करून किंवा त्यांतील वर्णांची अदलाबदल करून नवे शब्द घडविले जातात. दार या अर्थाच्या आयरिश 'दोरस'चे 'रोदस' होते, तर पुत्र या अर्थाच्या 'मॅक'चे 'कॅम' होते. मराठी मुलांच्या 'च'च्या भाषेचे स्मरण येथे होणे अपरिहार्य आहे. भेद इतकाच की, शेल्टा खेळासाठी जन्मली नव्हती. आयरिशमध्ये नावास 'आन्यम' म्हणतात. त्यापासून शेल्टात 'मुनिक' झाले आणि 'मुनिक'पासून 'मॉनिकर', असे हे मत आहे.

या मतातील कच्चा दुवा कालक्रमाचा आहे. 'मॉनिकर' १८५१ मध्ये छापील ग्रंथात दिसतो, तर शेल्टाची नोंद त्यानंतर पाव शतकाने होते. परंतु हा आक्षेप निर्णायक मानता येत नाही. ज्या भाषेचे प्रयोजनच परक्यापासून लपणे हे होते, तिचा लेखी पुरावा उशिरा मिळावा यात नवल ते काय? काही प्रमुख कोश 'बहुधा शेल्टा' असे म्हणतात, तर काही 'व्युत्पत्ती अनिश्चित' एवढ्यावरच थांबतात.

शब्दाच्या इतिहासातील सर्वांत समृद्ध पर्व अमेरिकेत घडले. १८९३ च्या आर्थिक अरिष्टानंतर असंख्य बेकार पुरुष मालगाड्यांतून विनातिकीट हिंडू लागले. त्यांना 'होबो' म्हणत. भटकणे हाच कायद्याने गुन्हा असल्याने खरे नाव उघड करणे धोक्याचे होते. कादंबरीकार जॅक लंडन यांनाही १८९४ मध्ये याच गुन्ह्यासाठी तीस दिवसांचा तुरुंगवास घडला. त्यांच्या १९०७ च्या 'द रोड' या आत्मकथनात हा शब्द 'मोनिका' अशा रूपात येतो. रेल्वेच्या पाण्याच्या टाक्यांवर होबो आपले टोपणनाव, तारीख व प्रवासाची दिशा कोरून ठेवीत. मागून येणाऱ्यास आपला सोबती कोठे गेला हे त्यावरून कळे. माँट्रियल येथे 'स्कायसेल जॅक' हे नाव वाचून लंडन यांनी 'सेलर जॅक' या नावाने त्याचा कॅनडा ओलांडून व्हँकुव्हरपर्यंत पाठलाग केला. दोघांची भेट मात्र कधीच झाली नाही. पोलिसांपासून लपण्यासाठी घेतलेले नाव आपल्या माणसांना सापडावे म्हणून लाकडावर कोरले जात होते, ही गोष्ट विलक्षण आहे. 'ए-नंबर वन' या नावाने विख्यात झालेल्या लिऑन रे लिव्हिंगस्टन यांनी तर त्या नावावर ग्रंथांची मालिकाच प्रसिद्ध केली. त्यांतील प्रत्येक साहस घडलेच असे मानण्याचे कारण नाही.

टाक्यांवरील नावे पुढे मालगाड्यांच्या डब्यांवर आली आणि 'मॉनिकर' म्हणजे खडूने किंवा रंगकांडीने काढलेले नावासह छोटे रेखाचित्र, असा विशेष अर्थ रूढ झाला. ती काढणारे सर्वच भटके नव्हते. 'बोझो टेक्सिनो' हे चित्र प्रसिद्ध करणारे जे. एच. मॅकिन्ली आणि १९७१ पासून 'कोलॉसस ऑफ रोड्स' या नावाने रेखाटणारे रसेल बटलर हे दोघेही रेल्वेचे कर्मचारी होते. त्यांनी कशापासून लपावे असे काही नव्हते. त्यांचे रेखाटन गाडीबरोबर ते स्वतः कधी न पाहिलेल्या गावी जात असे, हेच बहुधा त्यातील आकर्षण असावे. बिल डॅनियल यांनी २००५ मध्ये या परंपरेवर माहितीपट काढला, आणि २०१८ मध्ये ओहायोतील मॅसिलॉन वस्तुसंग्रहालयाने तिचे प्रदर्शन भरविले.

वृत्तपत्रांनी या शब्दाचा अर्थ जवळजवळ पुसून टाकला आहे. गायकाचे रंगमंचीय नाव, मोटारीचे व्यापारी नाव, क्रिकेट संघाचे बिरुद, सारेच आज 'मॉनिकर' असते. एकाच परिच्छेदात 'नेम' हा शब्द दोनदा येऊ नये, एवढ्याच कारणाने तो अनेकदा योजला जातो.

१ मार्च २०१७ रोजी आयर्लंडच्या शासनाने ट्रॅव्हलर समाजास स्वतंत्र वांशिक समूह म्हणून औपचारिक मान्यता दिली. तोपर्यंत शासनाच्या लेखी या समाजाला स्वतंत्र वांशिक ओळख नव्हती. त्याच्या बोलीतून बहुधा आलेला नावासाठीचा शब्द मात्र दीड शतकाहून अधिक काळ इंग्रजीत वावरत होता.