ईएक्सआर : उजेड राखणाऱ्या फाइलची कुळकथा

व्हीएफएक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्सपोर्टची यादी उघडली, की टार्गा, टिफ, सिनिऑन, डीपीएक्स, ईएक्सआर अशी नावं एकाखाली एक दिसतात. नवख्याला ती सगळी सारखीच वाटतात. खरं तर ही एका घराण्याची वंशावळ आहे. चित्रातलं काय जपायचं, या प्रश्नाला प्रत्येक पिढीनं दिलेलं उत्तर तिच्यात नोंदलं गेलं आहे. आज या घराण्याचा कर्ता आहे ईएक्सआर, म्हणजेच ओपनईएक्सआर.

संगणकावरच्या चित्रात आधी जपली गेली ती पारदर्शकता. 1977 च्या सुमारास न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ॲल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी लाल, हिरव्या, निळ्या चॅनेलच्या जोडीला चौथा अल्फा चॅनेल ठेवला. हा पिक्सेल मागचं चित्र किती झाकतो, एवढंच तो सांगतो. 1984 मध्ये लुकासफिल्ममधल्या टॉम पोर्टर आणि टॉम डफ यांनी त्याच्या आधारे चित्रावर चित्र बसवण्याचं गणित मांडलं. आजचं कंपोझिटिंग त्याच गणितावर चालतं.

पुढचा प्रश्न फिल्मचा होता. निगेटिव्हमध्ये मावणारा उजेड 8 बिटांच्या 256 पायऱ्यांत बसत नव्हता. कोडॅकनं सिनिऑनमध्ये 10 बिट घेतले आणि आकडे निगेटिव्हच्या घनतेप्रमाणे, लॉग मोजपट्टीवर बसवले. त्यामुळे काळोखातले बारीक फरकही टिकले. साध्या पांढऱ्या कार्डाचा आकडा 685 ठरला. तिथून 1023 पर्यंतची जागा लखलखाटासाठी राखली गेली. 1937 चा ‘स्नो व्हाइट’ 1993 मध्ये याच यंत्रणेवर पूर्ण स्कॅन होऊन, साफ होऊन पुन्हा फिल्मवर उतरला. सिनिऑनच्याच पायावर 1994 मध्ये डीपीएक्स हे प्रमाण ठरलं.

पण सिनिऑन शेवटी फिल्मच्या मापानं मोजत होता. संगणकात उभारलेल्या दृश्यातला सूर्य कार्डापेक्षा हजारो पटींनी तेजस्वी असू शकतो. 8 बिटांच्या चित्रात खिडकीचा पडदा आणि बाहेरचं ऊन दोन्ही 255 वर येऊन थांबतात. नंतर एक्सपोजर कमी केलं, तर खिडकीत नुसता करडा ठोकळा उरतो. धावत्या गाडीच्या दिव्याला ब्लर दिला, तर प्रकाशाची रेघ मलूल पडते, कारण दिव्याचं खरं तेज फाइलमध्ये आलेलंच नसतं.

इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या स्टुडिओनं 2000 च्या सुमारास हाती असलेले फॉर्मॅट तपासले. 8 आणि 10 बिटांत आवाका कमी पडत होता. 16 बिटांचे पूर्णांक शुभ्र रंगापाशी संपत होते. 32 बिटांचे दशांश सगळं सांभाळत, पण फाइल फार जड होई. फ्लोरियन काइन्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधली वाट काढली. तिचं नाव ‘हाफ’. त्यात 16 बिट असतात : एक चिन्हाचा, पाच घातांकाचे, दहा अपूर्णांकाचे. एक्सपोजरच्या प्रत्येक स्टॉपला 1024 पायऱ्या मिळाल्या आणि असे 30 स्टॉप अचूकता न गमावता मावले. आता एक्सपोजर उतरवलं, की खिडकीबाहेरची झाडं पुन्हा दिसू लागतात.

हाफचे आकडे साठवणारा फॉर्मॅट म्हणजेच ईएक्सआर. पहिल्या ‘हॅरी पॉटर’ चित्रपटात आणि ‘मेन इन ब्लॅक 2’ मध्ये तो वापरला गेला. 2003 मध्ये स्टुडिओनं त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला. माझ्या मते या कुळातला सर्वांत मोठा निर्णय हाच. हाताशी असलेलं हत्यार प्रतिस्पर्ध्यांना देऊन टाकलं आणि तेच प्रतिस्पर्धी त्याला धार लावायला आले. पिक्सारनं आणि ड्रीमवर्क्सनं आपापल्या कॉम्प्रेशनच्या पद्धती दिल्या. वेटा डिजिटलच्या सहभागानं 2013 च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘डीप’ चित्रं आली : एकाच पिक्सेलमध्ये वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने राहू लागले, म्हणून धुरातून चालणारं पात्र धुराचं रेंडर पुन्हा न करता त्यात बसवता येतं. 2019 पासून ॲकॅडमी सॉफ्टवेअर फाउंडेशन या प्रकल्पाची देखभाल करतं.

आज एकाच चित्रपटाचे शॉट लंडन, व्हँकुव्हर आणि मुंबईतल्या स्टुडिओंत वाटले जातात. मुंबईत रोटो करणाऱ्या मुलीनं दिलेली ईएक्सआर फाइल दुसऱ्या खंडातला कंपोझिटर तशीच उघडतो, कारण हा फॉर्मॅट कुणा एकाच्या मालकीचा राहिला नाही. शेवटी प्रेक्षकांपर्यंत जाणारी फाइल हलकी, एच.264 सारखी असेल, तर बिघडत नाही; ते काम संपल्यानंतरचं रूप आहे. काम चालू असताना मात्र पुढच्या हाताला काय लागेल, हे आधीच्या हाताला कळत नसतं. म्हणून शॉट पुढे पाठवताना यादीतून ईएक्सआर निवडावा आणि टिपलेला सगळा उजेड त्याच्यासोबत जाऊ द्यावा.