पत्र्याची घडी आणि विक्रोळीचा कारखाना

बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या शाळेच्या कार्यालयात डोकावून पाहा; जनरल रजिस्टर बहुधा पोलादी कपाटातच असते. जन्मतारखेच्या किंवा जातीच्या पुराव्यासाठी पन्नास वर्षांनीही माणसे त्याच वहीपाशी येतात. लाकडी फडताळाला वाळवी लागली, की अशा नोंदी गेल्याच म्हणून समजावे. कपाट कोणत्याही कारखान्याचे असो, आपण त्याला ‘गोदरेज’च म्हणतो.

अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलुपांचा कारखाना काढला. पुढे तिजोऱ्या आल्या आणि १९२३ मध्ये पोलादी कपाट आले. तिजोरी जाड पोलादाची, म्हणून मजबूत. कपाटाचा पत्रा मात्र जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. मग तो वाकत कसा नाही? एक कागद दोन पुस्तकांवर आडवा ठेवा. खडूचे चार तुकडेही त्याला पेलवत नाहीत. आता त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घाला आणि खडूची पेटी ठेवून पाहा. कागद तोच, पण घडीमुळे त्याला उंची आली आणि वाकण्याला होणारा विरोध कितीतरी पटींनी वाढला. कपाटाच्या फळीची दुमडलेली कड बोटांनी चाचपली, की हीच युक्ती हाताला लागते.

अर्देशीर यांचे धाकटे बंधू पिरोजशा यांनी १९४० च्या दशकात विक्रोळीला जमीन घेतली. तेव्हा ते मुंबईबाहेरचे रानच होते. तिथल्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे १९५१ च्या मतपेट्या. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, त्यामुळे पेट्या अफाट लागणार होत्या. एका पेटीची किंमत ५ रुपयांच्या आसपास बसवायची होती आणि बाहेरचे कुलूप परवडत नव्हते. नथालाल पांचाल या कारागिराने आतल्या आत बसणारी कडी सुचवली. अशा १२ लाखांहून अधिक पेट्या विक्रोळीत काही महिन्यांत तयार झाल्या. (बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, हे विद्यार्थ्यांना सांगायला हरकत नाही.) पिरोजशांचे नाव घेताना पांचालांचेही घ्यावे, असे आम्हाला वाटते.

इटलीत १९४९ मध्ये ज्युलिओ कास्तेल्ली या रसायन अभियंत्याने ‘कार्तेल’ ही कंपनी काढली. प्लास्टिकच्या बादल्यांपासून खुर्च्यांपर्यंत ती पोहोचली. आपल्या लग्नमंडपातही प्लास्टिकची खुर्ची आली. रजिस्टर मात्र अजून पत्र्याच्याच कपाटात आहे.

या कपाटाचा वैरी गंज. फरशी धुताना पाय भिजतात आणि तो तिथूनच चढतो. पायांखाली दगडी फरशीचे तुकडे द्यावेत. लाकडी ठोकळे दिले, तर वाळवीला वरची वाट आपणच करून दिली.