सवलत की मालकी?

‘कायदा बायकांना सोडतो आणि पुरुषांना धरतो,’ असे आमच्या स्टाफरूममध्ये अधूनमधून ऐकू येते. व्यभिचाराच्या कायद्यापुरते ते दीडशे वर्षे खरेही होते. पण ही सवलत आली कोठून, हे पाहू गेलो तेव्हा ती आम्हाला सवलत वाटेनाशी झाली.

मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली दंडसंहितेचा मसुदा केला, त्यात व्यभिचार हा गुन्हाच नव्हता. इथल्या मुलींची लग्ने बालपणी होतात, पुढे सवती येतात, नवरा दुर्लक्ष करतो. अशा बाईला शिक्षा करण्याआधी दयाळू माणसाने थांबून विचार करावा, असे मेकॉलेचे म्हणणे. १८६०च्या संहितेत मात्र कलम ४९७ आले. परक्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद, बाईला काहीच नाही. नवऱ्याची संमती असली तर गुन्हा घडतच नाही! आणि नवराच बाहेरख्याली निघाला तर बायकोला त्याच्यावर फिर्याद करता येत नसे.

१९५१ साली मुंबई हायकोर्टात एका आरोपीतर्फे पीरभॉय वकिलांनी या कलमालाच आव्हान दिले. मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी मान्य केले की, बायको ही नवऱ्याची मालमत्ता, ही कल्पना या कलमाच्या मुळाशी आहे. आधुनिक कायद्यात ते नसावे असेही म्हणता येईल, असे ते म्हणाले. पण मग ते कलमच काढून टाका, हा मुद्दा वेगळा. कलम कायम राहिले. १९५४ साली सुप्रीम कोर्टानेही, स्त्रियांसाठी खास तरतूद करता येते या घटनेतील आधारावर, तेच केले. मालकीला संरक्षणाचे नाव मिळाले, असे आम्हाला वाटते.

हेच ४९७ पाकिस्तानलाही वारशात मिळाले होते. १९७९ साली जनरल झियांनी ते काढले आणि जिना ऑर्डिनन्स आणला. आता बाईही गुन्हेगार ठरू लागली. वरकरणी बरोबरी झाली! पण बलात्कार आणि जिना एकाच कायद्यात गुंफले गेले. साहिवालची एक अंध मुलगी गरोदर राहिली. जबरदस्ती झाल्याचे तिचे म्हणणे होते. पुराव्याअभावी आरोपी सुटले, आणि तिचे गरोदरपण हाच तिच्याविरुद्ध पुरावा ठरला. तीन वर्षे कैद, पंधरा फटके, हजार रुपये दंड. १९८३ साली फेडरल शरियत कोर्टाने तिला सोडले, पण या कायद्याने तुरुंगात गेलेली ती एकटी नव्हती. सूरे नूरमध्ये स्त्री-पुरुषांचा उल्लेख एका दमात आहे आणि चार साक्षीदारांशिवाय पाकदामन बाईवर आळ घेणाऱ्याला ऐंशी फटके आहेत. जी अट बाईच्या अब्रूची ढाल होती, तीच तिच्या गळ्याशी आणली गेली. बलात्काराचा गुन्हा या कायद्यातून काढून पुन्हा दंडसंहितेत नेण्यास २००६ साल उजाडले.

इकडे २७ सप्टेंबर २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ४९७ रद्द केले. बाई ही नवऱ्याची मालमत्ता नव्हे, हा मुद्दा छगलांच्या निकालानंतर सदुसष्ट वर्षांनी निर्णायक ठरला. जुलै २०२४पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही व्यभिचाराचे कलम नाही. मात्र दुसऱ्याच्या बायकोला फूस लावून नेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा देणारे जुने ४९८ कलम तिथे ८४ या नंबराने अजून आहे. त्यातही बाई स्वतः कुठे जात नाही. तिला कोणीतरी नेतो.