इब्न बतूताचा हरीरा

गेल्या रमजानमधली गोष्ट. शाळा सुटायच्या वेळी स्टाफरूममध्ये, नुकत्याच बदली होऊन आलेल्या एका बाईंनी सहज विचारले, "आज इफ्तारला काय, मटण?" मी म्हटले, "नाही हो, हरभरे आणि मसूर. सहरीलाच भिजत घालून आले आहे." त्यांना ते खरे वाटेना. "तुमच्यात कडधान्यं खातात?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरोखरीचे आश्चर्य होते. म्हणूनच ते जास्त लागले. तेवढ्यात घंटा झाली आणि माझे उत्तर राहून गेले. ते इथे लिहिते आहे.

त्या दिवशी मी करणार होते तो मोरोक्कोचा हरीरा. हा शब्द आमच्या घरांत नवा नाही, पण आमच्याकडे हरीरा म्हणजे बाळंतिणीचे खाणे. तुपात भाजलेला रवा, वाटलेले बदाम आणि खसखस, थोडा डिंक, दूध आणि साखर. माझ्या दोन्ही बाळंतपणांत अम्मीने तो चाळीस दिवस पाजला. मोरोक्कोत मात्र त्याच नावाचे सूप असते, तिखट-आंबट, हरभरा-मसुरीचे आणि भरपूर कोथिंबिरीचे. तिथे रमजानचा रोजा खजूर आणि हरीऱ्याने सुटतो. नाव एक आणि पदार्थ दोन, हे कसे, हा प्रश्न भाषा शिकवणाऱ्या माणसाला गप्प बसू देत नाही.

अरबीत आणि उर्दूतही 'हरीर' म्हणजे रेशीम. त्याच मुळातून हरीरा आला असे सांगतात, आणि मऊसूत पेजेला ते नाव शोभतेही. जुन्या अरबीत हरीरा म्हणजे पीठ घालून शिजवलेली पेज. इमाम बुखारींच्या हदीससंग्रहात 'खजीरा' नावाच्या पदार्थावर एक छोटे प्रकरण आहे. तिथे नज्र या भाषापंडिताचे मत नोंदले आहे, की खजीरा कोंड्याचा आणि हरीरा दुधाचा. म्हणजे अम्मीचा हरीरा त्या जुन्या अर्थाच्या जवळचा.

याच संग्रहात सहल बिन सअद यांनी सांगितलेली एक आठवण आहे. मदिनेत एक म्हातारी बाई होती. ती 'सिल्क' नावाच्या भाजीची मुळे हंडीत घालून त्यात जवाचे पीठ सोडायची. जुम्याची नमाज झाली की लोक तिच्या दारी जायचे. त्या खाण्यात ना चरबी होती ना मांस, आणि तरीही ते जुम्याची वाट बघायचे. मुसलमानांच्या जेवणाचा इतिहास लिहिताना बिर्याणीवर पाने भरतात. या हंडीला कोणी दोन ओळीही देत नाही.

आता इब्न बतूता. टँजियरला १३०४ मध्ये जन्मलेला हा माणूस १३२५ मध्ये हजला म्हणून निघाला आणि १३३३ मध्ये सिंधूकाठी पोचला. दिल्लीत मुहम्मद बिन तुघलकाने त्याला काझी नेमले. भारतातल्या धान्यांची त्याने जी नोंद केली आहे, ती मला त्याच्या दरबारी हकिकतींपेक्षा प्रिय आहे. त्यात मूग आहे, लोबिया आहे, आणि जनावरांना घालतात तो मोठ, म्हणजे आपली मटकीही आहे. (मटकीच्या उसळीवर वाढलेल्या माणसाने हे मनाला लावून घेऊ नये.) मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून लोक त्यावर तूप घालून खातात, त्याला 'किशरी' म्हणतात आणि रोज सकाळी हीच न्याहारी करतात, असे तो सांगतो. किशरी म्हणजे खिचडी. आणि पुढे म्हणतो, मगरिबच्या मुलखात जसा हरीरा, तशी यांची ही किशरी.

मगरिब म्हणजे सूर्य मावळतो ती दिशा. आपण मगरिबची नमाज म्हणतो तोच हा शब्द, आणि अरबीत मोरोक्को देशाचे नावही तेच. हे मी सातवीच्या वर्गात सांगते तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

त्याने खिचडीला हरीऱ्याशी जोडले ते दिल्लीत घरच्या आठवणीने व्याकूळ होऊन, असे समजायचा मोह मला बरीच वर्षे होता. पण त्याचे प्रवासवर्णन लिहिले गेले ते तो परतल्यावर. फासच्या सुलतान अबू इनानच्या आज्ञेवरून त्याने ते सांगितले, ग्रॅनडाच्या इब्न जुज़ैने ते शब्दांत बांधले आणि १३५५ मध्ये पूर्ण केले. समोर बसलेल्यांनी खिचडी कधी पाहिली नव्हती, म्हणून त्याने त्यांच्या घरातला पदार्थ पुढे केला. आम्ही शिक्षक रोज हेच करतो. त्यातून आपल्याला मात्र एक पक्की गोष्ट मिळते. चौदाव्या शतकात मगरिबमध्ये हरीरा हे रोजच्या घरचे खाणे होते. नाहीतर त्याची उपमा चाललीच नसती.

हा प्रवासी आपल्याकडेही येऊन गेला आहे. दौलताबादच्या द्राक्षांचे आणि डाळिंबांचे त्याने कौतुक केले आहे. नंदुरबारकडच्या मराठ्यांबद्दल लिहिताना ते भात, भाज्या आणि तिळाचे तेल खातात, अशी नोंद केली आहे. कोण काय खातो हे त्याने बघितले आणि लिहिले, त्यावरून कोणाची परीक्षा घेतली नाही.

तशी परीक्षा पुढे स्पेनमध्ये झाली. त्याच्या आधीचा स्पेन बघायचा तर इब्न रज़ीन अल-तुजीबी याचे पाककृतींचे पुस्तक आहे. हा तेराव्या शतकातला, मूळ मुर्सियाचा. ख्रिस्ती राजवट आल्यावर मुलूख सोडून शेवटी ट्यूनिसला स्थिरावला. त्याच्या पुस्तकात हरभरा, मसूर आणि बाकला यांना मानाने वेगळी जागा आहे, आणि कोथिंबीर तर त्या मुलखाच्या स्वयंपाकात पानोपानी. पुढे १४९२ मध्ये ग्रॅनडा पडले. सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांवर इन्क्विझिशनची नजर राहिली, ती चुलीपर्यंत. रोजा धरणे, डुकराचे मांस टाळणे, जमिनीवर बसून कुसकुस खाणे, असले पुरावे खटल्यांत आले. १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख लोकांना देशाबाहेर काढले. त्यातले अनेक मोरोक्कोच्या तेतुआन, सला, रबात या शहरांत उतरले.

१४९२ हेच कोलंबसाचे साल. टोमॅटो अमेरिकेतून जुन्या जगात आला तो त्यानंतर. आज हरीऱ्याची ओळख असलेला लाल रंग इब्न बतूताच्या हरीऱ्यात असणे शक्यच नव्हते. टोमॅटोशिवाय हरीरा आणि टोमॅटोशिवाय आपली आमटी, दोन्हींची आज कल्पना करवत नाही, इतका हा पाहुणा घरचा झाला.

त्या संध्याकाळी मी केला तो असा. वाटीभर भिजलेले काबुली चणे सोलून घेतले. हे काम कंटाळवाणे आहे, पण सालासकट ती मऊ चव येत नाही. कांदा तुपावर परतला, त्यात आले, हळद, मिरपूड, दालचिनी, चणे आणि अर्धी वाटी अख्खा मसूर. तिकडे कोथिंबिरीबरोबर पार्सली आणि सेलरीची पाने घालतात. आमच्या बाजारात ती कुठली मिळायला? मी कोथिंबिरीची अख्खी जुडी घेतली, देठ बारीक चिरून आधीच टाकले आणि पाने शेवटासाठी ठेवली. चार टोमॅटो किसून, दीड लिटर पाणी, आणि मंद आचेवर सव्वा तास. चणा बोटात चिरडला गेला की मूठभर शेवया.

अम्मी ओट्याशी खुर्ची टाकून बसली होती. झाकण काढून वास घेतला आणि म्हणाली, "ये कायका हरीरा? ये तो उसळ का पानी है."

शेवटची पायरी राहिली होती. मोरोक्कोत तिला 'तद्विरा' म्हणतात. पाण्यात कालवलेले पीठ बारीक धारेने सोडायचे आणि हात न थांबवता ढवळायचे, नाहीतर गाठी होतात. मी तीन चमचे कणीक कालवली आणि अम्मीच्या हातात डाव दिला. धार पडत गेली तसे ते पातळ पाणी चमकदार आणि दाट झाले, डावावरून तुटेना. माझ्या बाळंतपणात ती रवा ढवळायची तशीच ढवळत होती. मी वरून कोथिंबीर टाकली, लिंबू पिळले.

"अब दिखरा हरीरा," अम्मी म्हणाली. बाहेर अजान सुरू झाली होती. मी खजुराची वाटी तिच्याकडे सरकवली. शाळेच्या बाईंसाठी थोडे काढून ठेवायचे मनात होते, पण रात्री तराविहनंतर बघितले तर पातेले घासायला टाकलेले होते.